बडोद्यात नगरसेवक निवडताना या चुका टाळा

पालिकेची निवडणूक लागली की ओट्यावरच्या गप्पा दोनच वळणं घेतात. एक तर थेट पक्ष, नाहीतर "अमुकभाई बरा आहे, फोन तरी उचलतो." त्याच ओट्यासमोर नळाला गढूळ पाणी येत असतं आणि मागच्या गल्लीत भुवा (रस्ता खालून खचून झालेलं भगदाड) पडलेला असतो, पण उमेदवार निवडायचं माप म्हणून त्याचा वापर कोणी करत नाही. करायचा ठरवला तरी बहुतेकांचं गाडं पुढच्या काही ठिकाणी अडतं.

तक्रार मोघम ठेवणं

"पाण्याचा प्रॉब्लेम आहे" असं म्हटलं की समोरचा उमेदवार "थई जशे" (होऊन जाईल) म्हणतो आणि पुढच्या घराकडे वळतो. चूक त्याची थोडी, तुमची जास्त. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळणार. प्रचार सुरू होण्याआधी आठ-दहा दिवस एका वहीत नोंद ठेवा, म्हणजे नेमकं काय विचारायचं ते कळेल.

गढूळ किंवा वासाचं पाणी येत असेल तर ते पहिली पाच-दहा मिनिटंच येतं की पूर्ण वेळ, हे पाहा. सुरुवातीलाच घाण येऊन नंतर स्वच्छ होत असेल तर बहुधा तुमच्या घराची किंवा शेजारच्या दोन-चार घरांची जोडणी गंजून फुटलेली असते आणि ती ड्रेनेजजवळून जात असते. पाणी बंद असताना नळीत दाब नसतो, तेव्हा बाहेरची घाण आत ओढली जाते. पूर्ण वेळ आणि पूर्ण गल्लीत घाण येत असेल तर दोष मुख्य लाइनमध्ये असतो. पहिलं काम वॉर्ड ऑफिसच्या पातळीवर काही दिवसांत होऊ शकतं. दुसऱ्याला एस्टिमेट, टेंडर आणि रस्ता खोदणं लागतं. दोन्हीसाठी एकच आश्वासन देणाऱ्या उमेदवाराला फरक माहीत नाही, असं समजायला हरकत नाही. सोबत एक साधी चाचणीही करा: नळाच्या टोकाला उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवं. पाण्यात थेंब टाकून रंग बघण्याचं किट बाजारात मिळतं. रंग अजिबात आला नाही तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा.

दाब कमी असण्याची कारणं वेगळी. टाकी भरली जात नाही, लाइनच्या शेवटी तुमचं घर आहे, किंवा आधीच्या घरांनी थेट लाइनला मोटर जोडली आहे. तिसरं कारण सगळ्यांना माहीत असतं आणि सभेत कोणी बोलत नाही, कारण मोटर लावणारे मतदारही असतात. या विषयावर उमेदवार काय बोलतो (किंवा कसा विषय बदलतो) त्यावरून बरंच समजतं.

पाणी तुंबण्याच्या बाबतीत तर ही चूक फार महाग पडते. बडोद्यात दोन प्रकारचं पाणी घरात शिरतं. एक पावसाचं: पाऊस सुरू असताना भरतं आणि थांबल्यावर तासा-दोन तासांत ओसरतं. इथे दोष गटाराच्या जाळ्या, चेंबर, पावसाळी कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला) किंवा रस्त्याच्या उंचीत असतो. जुना थर न खरवडता वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढवलं की रस्ता वर जातो आणि रावपुरा-वाडीकडच्या जुन्या घरांचे उंबरे खाली राहतात. दुसरं पाणी विश्वामित्री नदीचं: पाऊस थांबल्यावरही वाढतं, कधी कडक ऊन असताना ड्रेनेजच्या तोंडातून उलटं वर येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये काळाघोडा पुलापाशी पातळी ३५ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा शहराने हे पाणी पाहिलं. ते एका नगरसेवकाच्या हातातलं नाही. नदी, आजवा सरोवरातून सुटणारं पाणी, पाटबंधारे खातं आणि राज्य सरकार असा तो सगळा पसारा आहे. म्हणून "मी पूर येऊ देणार नाही" म्हणणाऱ्याला सोडा. "आमच्या वॉर्डातून जाणारी कांस मे अखेरपर्यंत कुठून कुठपर्यंत साफ होते, तिच्यावर कुठे स्लॅब टाकून बांधकाम झालंय?" याचं उत्तर देणाऱ्याकडे थांबा.

भुव्याचंही तसंच. खड्डा वरचा असतो, भुवा खालचा. जुनी ड्रेनेज लाइन फुटते, आजूबाजूची माती पाइपात वाहून जाते, रस्त्याखाली पोकळी होते आणि एके दिवशी चाक आत जातं. त्यात मेटल (खडी) ओतून वर पेव्हर बसवले की पुढच्या पावसात तो तिथेच पडतो. एकाच जागी दोनदा भुवा पडला असेल तर "बुजवणार का" हा प्रश्नच चुकला; पाइप कुठून कुठपर्यंत बदलणार, ते विचारा.

भलत्याच दारात उभं राहणं

वीज गेली तर एमजीव्हीसीएल ही वीज कंपनी. खांबावरचा दिवा गेला तर पालिका. महामार्ग ४८ चं काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं. एसएसजी रुग्णालय राज्य सरकारचं, नगर प्राथमिक शाळा शिक्षण समितीच्या, हद्दीबाहेरचं नियोजन वुडाचं (बडोदा शहरी विकास प्राधिकरणाचं). ट्रॅफिकचा हवालदार पोलीस आयुक्तांचा. उमेदवाराच्या पत्रकातली पाच आश्वासनं घ्या आणि प्रत्येकापुढे "कोणाचं काम" हे लिहा. तीन ओळी पालिकेबाहेरच्या निघाल्या तर ते पत्रक आमदारकीसाठी छापून ठेवलं असावं.

पालिकेच्या आतही भेद आहे. गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये कलम ६३ खाली अनिवार्य कामं येतात (पाणी, ड्रेनेज, दिवे, सफाई) आणि कलम ६६ खाली ऐच्छिक. कारंजं, सेल्फी पॉइंट, प्रवेशद्वाराची कमान ही दुसऱ्या खात्यातली. कमान वाईट नाही, पण अनिवार्य काम अर्धवट असताना कमानीच्या फोटोवर मत देणं म्हणजे घर गळत असताना पडदे बदलणं.

सोसायटीचा रस्ता पालिकेचा समजणं

गोत्री, वासणा, मांजलपूरच्या सोसायट्यांमध्ये हमखास होणारी गफलत. सोसायटीच्या कुंपणाच्या आतला रस्ता बहुतेक वेळा खासगी असतो. तिथे पेव्हर, दिवे, ड्रेनेज करून घ्यायला राज्याची जनभागीदारी योजना आहे: ७० टक्के सरकार, २० टक्के रहिवासी, १० टक्के स्थानिक संस्थेचा वाटा. पाच लाखांचं काम असेल तर सोसायटीला एक लाख जमवावे लागतात. बहुतेक प्रस्ताव इथेच लटकतात. ठराव होतो, वर्गणी होत नाही आणि दोष नगरसेवकावर. तुमच्या सोसायटीने ठराव आणि २० टक्के भरले आहेत का ते आधी पाहा. भरले असतील तर फाइलचा नंबर घेऊन विचारा. नसतील तर या मुद्द्यावर उमेदवाराला तोलू नका.

भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया, वडदला ही गावं २०२० मध्ये हद्दीत आली. तिथे गोष्ट वेगळी आहे. दुरुस्ती नंतरची बाब, मूळ जाळंच टाकायचं आहे. तिथला खरा प्रश्न क्रमाचा: आधी ड्रेनेज, मग पाणी, मग रस्ता. रस्ता आधी करून देतो म्हणणारा तोच रस्ता दोन वर्षांत खोदायला लावेल.

"मंजूर झालंय" या शब्दावर विसंबणं

मंजूर म्हणजे नेमकं काय? कामाच्या पायऱ्या अशा असतात: पाहणी, एस्टिमेट, तांत्रिक आणि प्रशासकीय मंजुरी, टेंडर, स्थायी समिती, वर्क ऑर्डर, प्रत्यक्ष काम, आणि मग ठेकेदाराची दोषदुरुस्तीची मुदत. उमेदवार पहिल्या पायरीलाही "मंजूर" म्हणतो आणि सहाव्यालाही. तुम्ही फक्त एवढं विचारा: "वर्क ऑर्डर (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) निघाली का?" निघाली असेल तर तारीख आणि रक्कम असते. नसेल तर आचारसंहितेच्या काळात नवं काम सुरू होत नाही आणि पावसाळ्यात डांबर टाकलं जात नाही, तेव्हा "निवडून आल्यावर महिन्यात" हे ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

पैशाचं चक्रही ठरलेलं आहे. आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा १२ सदस्यांच्या स्थायी समितीपुढे ठेवतात, आणि वेऱ्याचे (पालिकेच्या कराचे) दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरावे लागतात. त्या काळात वॉर्डाचं काम अंदाजपत्रकात घालून न घेणारा नगरसेवक उरलेले दहा महिने ग्रांटवर (नगरसेवकाला मिळणाऱ्या निधीवर) बाकडी बसवतो.

त्याच अधिनियमातलं आणखी एक कलम कानावर असू द्या: ६७(३)(क). तातडीच्या प्रसंगी टेंडरशिवाय काम करण्याचा आयुक्तांचा अधिकार यात आहे. स्थायी समितीला नंतर कळवलं जातं. पूर, फुटलेली मोठी लाइन यांसाठी तो हवाच. पण दरवर्षी त्याच नाल्याची सफाई तातडीची कशी ठरते, हे सभागृहात विचारणारा कोण होता ते शोधा.

हिशेब न मागणं

पुन्हा उभ्या राहिलेल्या नगरसेवकाचं काम तपासायला त्याचं पत्रक वापरू नका. माहिती अधिकाराचा अर्ज द्या: फी २० रुपये, उत्तराला ३० दिवस. म्हणून निवडणूक जाहीर व्हायच्या दीड महिना आधी हलायला हवं. एकाच अर्जात सगळं कोंबलं की उत्तर "माहिती विस्तृत आहे" असं येतं. दोनच गोष्टी मागा: मागच्या दोन वर्षांत या नगरसेवकाच्या ग्रांटमधून वॉर्डात कोणती कामं, किती रुपयांची, कुठे झाली, आणि त्याने सर्वसाधारण सभेत मांडलेले प्रश्न. मग यादी घेऊन फेरी मारा. कागदावर आठ बाकडी आणि जागेवर पाच, हे मोजायला इंजिनिअर लागत नाही.

२०२१ मध्ये ७६ पैकी ६९ जागा भाजपला आणि ७ काँग्रेसला मिळाल्या. सभागृह इतकं एकतर्फी असेल तर दोन्हीकडच्यांना एकच प्रश्न विचारणं ही चूक. सत्ताधाऱ्याला विचारा, कोणती फाइल कुठून कुठे नेली. विरोधकाला विचारा, कोणत्या ठरावाला लेखी विरोध नोंदवला. हरणीच्या मोतनाथ तलावात १८ जानेवारी २०२४ ला बोट उलटून १२ मुलं आणि दोन शिक्षिका बुडाल्या, त्यानंतर तरी ठेका कोणाला, कोणत्या अटींवर आणि तपासणी कोणाची हे प्रश्न कंटाळवाणे वाटायला नकोत.

उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, शिक्षण असतं. तेही वाचा, पण दहा मिनिटांत. गुन्ह्याच्या रकान्यात कलम पाहा. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका तागडीत टाकू नका.

आडनाव आणि वर्गणी

दांडिया बाजार, बाबाजीपुरा भागात "आपला मराठी माणूस" हा मुद्दा निघतोच. भाषेमुळे बोलणं सोपं होतं, यात खोटं काही नाही. आजीला वॉर्ड ऑफिसात गुजराती अर्ज लिहून देणारा माणूस उपयोगाचाच. पण ड्रेनेजच्या पाइपाला आडनाव समजत नाही. गणेश मंडळाला मोठी पावती फाडणाऱ्याचं तसंच. मंडळाला त्याच्याकडून मागण्यासारखी गोष्ट दुसरी आहे: विसर्जनाच्या कृत्रिम तलावापर्यंतचा रस्ता आणि दिवे.

चार मतं एकगठ्ठा टाकणं

पुण्याचे नातेवाईक सांगतात तशी आपली पद्धत नाही. तिकडे प्रभागातल्या प्रत्येक जागेची स्वतंत्र यादी असते. इथे एका वॉर्डातून चार नगरसेवक आणि यादीतल्या कोणत्याही चौघांना एक-एक मत. चौघं एकाच पक्षाचे असण्याची सक्ती नाही. पॅनेलमधले (एका पक्षाच्या चौघांतले) दोघं कामाचे आणि दोघं नुसते फोटोत असतील तर दोन मतं तिकडे, दोन दुसरीकडे देता येतात. पण वहीत चौघांची वेगवेगळी नोंद असेल तरच हे सुचतं. महिला उमेदवाराशी बोलायला गेलात आणि उत्तरं शेजारी उभे असलेले तिचे पतीच देत असतील, तर तेही वहीत लिहा. सभागृहात बसणार त्या आहेत.

मशीनवरच्या चुका अगदी साध्या असतात. एकाच पक्षाचं चिन्ह चार ओळींत दिसतं. एक बटण दाबलं की चारही मतं गेली असं समजून माणूस निघतो. तसं होत नाही, प्रत्येक नावासमोरचं बटण वेगळं दाबावं लागतं. एकाच नावाला दोनदा दाबून दोन मतंही पडत नाहीत. चारपेक्षा कमी मतं द्यायची असतील तर शेवटी "रजिस्टर" बटण दाबायचं. नाहीतर मतदान अर्धवट राहतं आणि केंद्राधिकाऱ्याला पुढे यावं लागतं. घरातल्या वयस्कर माणसांना हे आदल्या रात्री कागदावर चौकोन काढून दाखवा. मतदारयादीतला वॉर्ड नंबरही तेव्हाच तपासा, कारण विधानसभेला जिथे मत दिलं तेच केंद्र पालिकेलाही असेल असं नाही. केंद्राबाहेर उमेदवारांची क्रमवार यादी लावलेली असते. आत शिरण्याआधी तिच्यापुढे अर्धा मिनिट थांबून आपल्या चौघांचे क्रमांक पाहून घ्या.