आर्द्रता घरच्या घरी कशी मोजावी: सगळा खेळ ओल्या वातीचा

मे महिन्याच्या कोरड्या हवेत मागावर सूत तटातट तुटायला लागलं की कोणीतरी मोबाइल काढून आजची आर्द्रता सांगतं. तो आकडा तुमच्या शेडचा नसतो. खोलीतली आर्द्रता खोलीतच मोजावी लागते आणि त्याला काचेचे दोन तापमापक पुरतात. सोलापुरात चादरी-टॉवेलच्या कामात मी हे वर्षानुवर्षं करतोय.

दोन्ही तापमापक आधी कोरडेच शेजारी-शेजारी टांगून बघा. आकडा सारखा येत नसेल तर जोडी बदलून घ्या. भिंतीपासून लांब, ऊन लागणार नाही अशा जागी, डोळ्यांच्या उंचीला टांगा. मग एकाच्या बल्बला, म्हणजे खालच्या फुगीर टोकाला, मलमलीची ओली वात बसवा.

ही वात नीट बसली नाही तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं. वातीतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना बल्बची उष्णता घेऊन जातं. हवा जेवढी कोरडी, तेवढं पाणी झपाट्यानं उडतं आणि ओला बल्ब तेवढा गार पडतो. म्हणजे दोन आकड्यांतला फरक हेच हवेच्या कोरडेपणाचं माप. पाणी मोकळेपणानं उडू शकलं नाही की ओला बल्ब पुरेसा गार होत नाही आणि हवा आहे त्यापेक्षा दमट दिसते.

माझे दोन उन्हाळे यात गेले. तापमापकांवर हवा दमट दिसायची आणि सूत तुटायचं थांबत नव्हतं. पहिली चूक कापडाची. कोऱ्या मलमलीला खळ असते आणि खळीचं कापड पाणी ओढत नाही. मलमल साबणाच्या पाण्यात उकळा, भरपूर पाण्यात खळबळून काढा, मगच वापरा. दुसरी चूक पाण्याची. बोअरचं जड पाणी वापरलं की वातीवर पांढरा क्षार चढतो, वात कडक होते, पाणी वर चढत नाही. बॅटरीत भरतात ते डिस्टिल्ड पाणीच घ्या, पण बाटली नीट बघून; ॲसिडची बाटली वेगळी असते. तिसरी चूक भांड्याची. मी पाण्याची वाटी बल्बच्या बरोबर खाली ठेवत होतो, त्यामुळे वाटीतल्या पाण्याची वाफ तिथेच घोटाळायची. वाटी बाजूला ठेवा, झाकणाला बारीक भोक पाडून वात त्यातून वर आणा.

वात बल्बला एकाच पदरानं, सुरकुती न पडता, घट्ट बसली पाहिजे. स्पंज किंवा कापसाचा बोळा लावायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका, जाड थरात पाणी साचून राहतं. बोटांचं तेल लागलेली वातही टाकून द्या. वात आठवड्याला बदला, धुळीच्या दिवसांत त्याआधीच.

आणि वारा हवाच. बंद खोलीत बल्बभोवतीची हवा आपल्याच वाफेनं दमट होऊन बसते. पाच मिनिटं पंख्याचा झोत दोन्ही बल्बांवर सोडा, ओला आकडा उतरायचा थांबला की वाचा. आधी ओला वाचा, तोही झटकन. तोंडाजवळ धरलेला तापमापक श्वासानंही चढतो.

समजा मेमधल्या दुपारी कोरडा ४० आणि ओला २२ अंश आला. ओल्या-कोरड्या आकड्यांवरून आर्द्रता सांगणाऱ्या तक्त्यात बघितलं की सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास निघते. तक्ता समुद्रसपाटीचा असला तरी सोलापूरच्या उंचीनं एखाद्या टक्क्याचाच फरक पडतो, तो सोडून द्या. वात खराब असून ओला आकडा २४ दिसला असता, तर हीच हवा २७ टक्के वाटली असती.

सापेक्ष या शब्दाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते, त्याच्या किती टक्के आत्ता आहे, एवढंच तो आकडा सांगतो. वरच्या उदाहरणातली हवा पहाटे २५ अंशांवर आली तर तीच वाफ ४७ टक्के दिसते. म्हणून सकाळ-दुपारची तुलना टक्क्यांवरून करायची नसते, दवबिंदूवरून करायची असते. हवा किती गार झाली की दव धरेल, ते तापमान म्हणजे दवबिंदू. इथे तो १३ अंश आहे आणि वाफ घटली-वाढली नाही तर सकाळ-दुपार तेवढाच राहतो.

ओला आकडा घरातही कामाचा आहे. कूलर हवा फार तर ओल्या बल्बच्या तापमानापर्यंत गार करू शकतो, त्याखाली नाही. मेमधल्या त्या दुपारी ४० आणि २२ मध्ये १८ अंशांची वाव होती. पावसाळ्यात कोरडा ३० आणि ओला २५ असला की वाव पाचच अंशांची उरते. तेव्हा कूलरचा पंप बंद करा, खिडक्या उघडा आणि नुसता पंखा चालू ठेवा.