रॅस प्रोटीन ऑन कसं होतं ते स्ट्रक्चर उघडून बघा

रॅस म्हणजे पेशीत वाढीचा सिग्नल पुढे देणारं, स्विचसारखं प्रोटीन, त्यात जीडीपी (दोन फॉस्फेटवाला रेणू) किंवा जीटीपी (तीन फॉस्फेटवाला) बसतो. एमएस्सीला 'जीडीपी म्हणजे ऑफ, जीटीपी म्हणजे ऑन' एवढंच पाठ केलं होतं, का ते खूप नंतर कळलं, तेही दोन स्ट्रक्चर एकावर एक ठेवून बघितल्यावर. म्हणून म्हणते, पुस्तकातले बाण जरा बाजूला ठेवा.

पायमॉल हे रेणूंची थ्रीडी रचना दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि प्रोटीन डेटा बँकेतून ४क्यू२१ आणि ५पी२१ या दोन फाइल घ्या. दोन्हीकडे एच-रॅस हा रॅसचा प्रकारच आहे, पहिल्यात जीडीपी बसलंय, दुसऱ्यात जीटीपीसारखाच पण न तुटणारा रेणू, कारण खरं जीटीपी रॅस स्वतःच हळूहळू तोडून टाकतं. अलाइन करा. आधी वाटेल की काहीच फरक नाही, इतकं चपखल बसतं सगळं. आता साधारण ३० ते ३८ आणि ६० ते ७६ नंबरची अमिनो ॲसिड वेगळ्या रंगात करा, हे स्विच एक आणि स्विच दोन, खरा बदल जवळजवळ सगळा इथेच आहे.

मग तिसऱ्या फॉस्फेटवर झूम करा, इथे मात्र घाई नको. थ्रिओनिन ३५ आणि ग्लायसिन ६० या दोघांचे मुख्य साखळीतले एनएच त्या फॉस्फेटला हायड्रोजन बाँडने धरून बसलेत, शिवाय थ्रिओनिनच्या ओएचने मॅग्नेशियम धरलंय. दोन कड्या एकाच कोयंड्यात अडकवाव्यात तसं. आता जीडीपीवाली फाइल दाखवा, कोयंडाच नाहीये, त्यामुळे दोन्ही कड्या सुटल्यात आणि थ्रिओनिन बाहेर तोंड करून बसलंय. रॅफ, म्हणजे रॅसकडून सिग्नल घेणारं पुढचं प्रोटीन, येऊन चिकटतं ते स्विच एकलाच, तोच आकारात नसेल तर रॅफला घट्ट धरता येत नाही, सिग्नल तिथेच थांबतो. एका फॉस्फेटचा खेळ आहे हा सगळा.

बंद कसं होतं ते १डब्ल्यूक्यू१ मध्ये दिसतं, त्यात रॅससोबत गॅप आहे, म्हणजे रॅसला जीटीपी पटकन तोडायला मदत करणारं प्रोटीन. गॅपचं आर्जिनिन ७८९ बोटासारखं आत घुसतं, ग्लुटामिन ६१ पाण्याचा रेणू जागेवर धरतं आणि फॉस्फेट तुटतो. त्या बोटाशेजारीच ग्लायसिन १२ शोधा. ग्लायसिनला साइड चेन नसते म्हणून तिथे जागा आहे, व्हॅलिन किंवा ॲस्पार्टेट आलं की बोट नीट बसत नाही, रॅस ऑनच राहतं, आणि कॅन्सरमध्ये हीच जागा वारंवार बदललेली सापडते. हे पहिल्यांदा स्क्रीनवर बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

वेळ असेल तर ६ओआयएम पण उघडा, के-रॅस आणि सोटोरासिब, २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं औषध. ते १२ नंबरवर आलेल्या सिस्टीनला कायमचं चिकटतं आणि स्विच दोनखालच्या खाचेत बसतं. त्याच फाइलमध्ये न्यूक्लिओटाइड (जीडीपी की जीटीपी) कुठलं आहे ते तपासा, जीडीपी दिसेल, म्हणजे औषधाने रॅसला ऑफ असतानाच पकडून ठेवलंय.