सॉफ्टवेअर गेलं, राइट-क्लिक मेन्यूतलं नाव राहिलं? या चुका टाळा

सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल झालं, सेटिंग्जच्या यादीतून नावही गेलं, पण फोल्डरवर राइट-क्लिक केलं की त्याची ओळ अजून हजर. अशा वेळी बरेच जण थेट रजिस्ट्री एडिटर (विंडोजच्या अंतर्गत नोंदी बदलायचं टूल) उघडतात आणि त्या नावाचं जे सापडेल ते उडवत सुटतात. त्याआधी ती ओळ येते कुठून, हे ओळखायला हवं.

विंडोजमध्ये हे दोन प्रकारे होतं. पहिल्या प्रकारात ओळीचा मजकूर आणि चालवायची कमांड, दोन्ही रजिस्ट्रीतल्या 'शेल' नावाच्या कीखाली (की म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा कप्पा) लिहिलेली असतात. फोल्डरवरची 'प्ले विथ व्हीएलसी मीडिया प्लेअर' ही ओळ या जातीची. कमांडमधला प्रोग्रॅम डिस्कवर आहे का, हे मेन्यू दाखवताना एक्सप्लोरर (फाइली-फोल्डर दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) बघत नाही. म्हणून प्रोग्रॅम गेला तरी ओळ राहते आणि क्लिक केल्यावर एरर येते.

दुसऱ्या प्रकारात नोंद 'शेलएक्स' आणि त्याखालच्या 'कॉन्टेक्स्टमेन्यूहँडलर्स'मध्ये असते. तिथे मजकूर नसतोच. असतो तो महिरपी कंसातला लांबलचक सीएलएसआयडी (ओळख क्रमांक), आणि त्यावरून एक डीएलएल फाइल (प्रोग्रॅमचा कोड असलेली जोडफाइल) लोड होते. मेन्यूतल्या ओळी ती डीएलएल तयार करते. ७-झिप आणि विनरार असंच काम करतात. ही डीएलएल खरोखर गेली असेल तर ओळ आपोआप दिसेनाशी होते, नोंद मागे राहिली तरीही. थोडक्यात, हँडलरची, म्हणजे या दुसऱ्या प्रकारची, ओळ दिसत असेल तर तिची डीएलएल अजून डिस्कवर किंवा एक्सप्लोररच्या मेमरीत आहे.

इथेच पहिली चूक होते: रीस्टार्ट न करणं. डीएलएल एक्सप्लोररने उघडून ठेवलेली असल्यामुळे अनइन्स्टॉलरला ती काढता येत नाही. तो ते काम पुढच्या बूटवर ढकलतो. 'शट डाउन' करून पुन्हा चालू केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे (झटपट चालू होण्याच्या सोयीमुळे) पूर्ण बूट होतच नाही आणि फाइल तशीच राहते. त्यामुळे 'रीस्टार्ट'च निवडा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

दुसरी चूक म्हणजे अनइन्स्टॉलर न चालवता प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर हाताने डिलीट करणं. रजिस्ट्रीतल्या नोंदी तशाच राहतात आणि त्या काढणारा अनइन्स्टॉलरही फोल्डरबरोबर जातो. उपाय कंटाळवाणा आहे पण सर्वांत सुरक्षित: तेच सॉफ्टवेअर पुन्हा टाका, त्याच्या सेटिंगमधून मेन्यूची सोय बंद करा (७-झिपमध्ये टूल्स, ऑप्शन्स आणि मग ७-झिपचा टॅब) आणि रीतसर अनइन्स्टॉल करा.

तरीही ओळ राहिली तर रजिस्ट्री. शोधताना मेन्यूत दिसणारा मजकूर टाकू नका. शॉर्टकटचं अक्षर ठरवायला मजकुराच्या मध्येच अँपरसँडचं चिन्ह घातलेलं असू शकतं. ते मेन्यूत दिसत नाही, पण शोध मात्र चुकवतं. हँडलरचा मजकूर तर रजिस्ट्रीत नसतोच. त्याऐवजी प्रोग्रॅमच्या ईएक्सई किंवा डीएलएलचं नाव शोधा आणि शोधाच्या चौकटीत 'डेटा'वर टिक ठेवा.

हाताने बघायच्या जागा रजिस्ट्रीतल्या एचकी क्लासेस रूटमध्ये (HKEY_CLASSES_ROOT) आहेत. सगळ्या फाइलींसाठी तारका चिन्हाची की, फोल्डरसाठी 'डिरेक्टरी' आणि 'फोल्डर', फोल्डरमधल्या रिकाम्या जागेसाठी 'डिरेक्टरी'खालची 'बॅकग्राउंड', ड्राइव्हसाठी 'ड्राइव्ह'. 'ऑलफाइलसिस्टमऑब्जेक्ट्स' हटकून राहून जाते. क्लासेस रूट ही स्वतंत्र जागा नाही. लोकल मशीन आणि करंट यूजर या दोन्हींतल्या 'सॉफ्टवेअर'खालच्या 'क्लासेस'चं ते एकत्रित चित्र आहे. एकच नोंद दोन्हीकडे असेल तर इथून डिलीट केल्यावर यूजरची जाते आणि मशीनची वर येते. 'काढलं तरी परत येतं' याचं कारण बहुधा हेच. म्हणून एक्सपोर्ट करून बॅकअप घेणं आणि डिलीट करणं, दोन्ही मूळ जागीच करा.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. 'डिरेक्टरी'खालच्या 'शेल' कीची डीफॉल्ट व्हॅल्यू एरवी 'नन' (none) असते. एखादं सॉफ्टवेअर तिथे स्वतःच्या ओळीचं नाव लिहून ठेवतं, मग फोल्डरवर डबल-क्लिक केलं की तेच उघडतं. अशा वेळी फक्त खालची की काढली तर डीफॉल्ट व्हॅल्यू नसलेल्या ओळीकडे बोट दाखवत राहते आणि फोल्डर उघडण्यात गडबड होते. की काढण्याआधी डीफॉल्ट बघा आणि बदललेली असेल तर पुन्हा 'नन' करा.

पॉवरशेल (विंडोजमध्ये कमांड टाइप करायचं साधन) वापरणाऱ्यांसाठी वेगळा खड्डा आहे. तारकेची की काढायला 'रिमूव्ह-आयटम'ला साधा पाथ दिला की पॉवरशेल त्या तारकेचा अर्थ 'सगळे' असा घेतो आणि त्या नावाची नोंद प्रत्येक फाइल प्रकारातून काढू शकतो. तिथे 'लिटरलपाथ'च वापरायचा.

खरं तर डिलीट करायची घाईच नको. 'शेल'खालच्या ओळीच्या कीमध्ये 'लेगसीडिसेबल' (LegacyDisable) नावाची रिकामी स्ट्रिंग व्हॅल्यू घातली की ओळ लपते, आणि व्हॅल्यू काढली की परत येते. हँडलरसाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स हे टूल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा आणि 'एक्सप्लोरर' टॅबमधली टिक काढा. फाइल नसलेल्या नोंदी तिथे पिवळ्या दिसतात. नंतर टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट करा. आठवडाभर सगळं नीट चाललं, तर मग खुशाल काढा.

'ईपीपी' हे अनोळखी नाव बघून हात शिवशिवतील, पण ती विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसची स्कॅनची ओळ आहे. 'परवानगी नाही' म्हणणारी की बहुधा विंडोजची स्वतःची असते, तिची मालकी घेऊन ती काढू नका. एका ओळीपायी रजिस्ट्री क्लीनर (रजिस्ट्री आपोआप साफ करणारं सॉफ्टवेअर) तर मुळीच नको.

'सेंड टू'मधलं नाव मात्र साधा शॉर्टकट असतो. विंडोज आणि आर दाबून 'शेल:सेंडटू' (shell:sendto) हे इंग्रजीत टाइप करा आणि तो डिलीट करा.

विंडोज ११ मध्ये वरची सगळी खटपट 'शो मोअर ऑप्शन्स'मधल्या जुन्या मेन्यूसाठी आहे. नव्या, आखूड मेन्यूतल्या ओळी अ‍ॅप पॅकेजमधून येतात. तिथे नाव उरलं असेल तर पॉवरशेलमध्ये 'गेट-अ‍ॅपएक्सपॅकेज'ने (Get-AppxPackage) ते पॅकेज शोधा आणि त्याचं पूर्ण नाव देऊन 'रिमूव्ह-अ‍ॅपएक्सपॅकेज'ने (Remove-AppxPackage) काढा.