केमिकलचं नाव वाचून आतला बाँड कसा ओळखायचा

नववी-दहावीपासून अकरावी सायन्सपर्यंत बहुतेक पोरं एकच करतात, वहीत डाव्या बाजूला फॉर्म्युला, उजव्या बाजूला नाव, आणि मग घोकंपट्टी. परीक्षेत त्या तक्त्याबाहेरचं एखादं संयुग आलं की सगळं अडतं. खरं सांगायचं तर एवढं पाठ करायची गरजच नाही, कारण नाव कसं पाडायचं हे आतला बाँड ठरवतो. आधी बाँड ओळखायचा, मग नाव काढायचं. आणि एकदा सवय झाली की उलटही जमतं, नाव वाचलं की आत कोणते कण आहेत ते डोळ्यासमोर येतं.

आपल्याकडची जुनी नावं बघा, मोरचूद, हिराकस, नवसागर, तुरटी. सुंदर नावं आहेत, पण आत काय आहे ते त्यातून कळत नाही. युरोपातही तसंच होतं, मग १७८७ साली रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि त्याच्या सोबत्यांनी फ्रान्समध्ये अशी पद्धत मांडली की नावातूनच घटक कळले पाहिजेत. आज आपण जे क्लोराईड, सल्फेट, नायट्रेट म्हणतो त्याची पाळंमुळं तिथे आहेत.

तर पहिला प्रश्न नेहमी हाच विचारायचा, यात धातू आहे का? आवर्तसारणीत उजवीकडे पायऱ्यांसारखी एक रेघ असते, तिच्या डावीकडचे सगळे धातू, फक्त हायड्रोजन डावीकडे बसलेला असूनही अधातू आहे हे लक्षात ठेवा. धातू आणि अधातू एकत्र आले की धातू इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, अधातू घेतो, दोघांवर एकमेकांविरुद्ध चार्ज येतो (अशा चार्जवाल्या कणाला आयन म्हणतात) आणि ते एकमेकांना धरून बसतात, हा आयनिक बाँड. दोन्ही अधातू असतील तर कुणीच पूर्ण द्यायला तयार नसतं, मग इलेक्ट्रॉन शेअर होतात, तो सहसंयुज म्हणजे कोव्हॅलंट बाँड. पुढचं सगळं यावर उभं आहे.

आयनिक असेल तर नावात आकडा घालायचा नाही. मोनो, डाय, ट्राय काही नाही. धातूचं नाव जसंच्या तसं, अधातूच्या शेवटी आईड. कॅल्शियमचा १ आणि क्लोरीनचे २ असले तरी नाव कॅल्शियम क्लोराईडच, कॅल्शियम डायक्लोराईड नाही. का? कारण कॅल्शियमवर कायम अधिक २ आणि क्लोराईडवर उणे १, बेरीज शून्य व्हायची तर दोन क्लोराईड लागणारच, ते वेगळं सांगायची गरज काय. फॉर्म्युला काढतानाही हेच, ॲल्युमिनियम अधिक ३, ऑक्साईड उणे २, तर ॲल्युमिनियमचे २ आणि ऑक्सिजनचे ३, अधिक ६ आणि उणे ६, हिशोब बरोबर. मॅग्नेशियम ऑक्साईडमध्ये मात्र दोघांवर २-२ आहे म्हणून २ आणि २ लिहून ठेवू नका, १ आणि १ करा. आयनिक पदार्थात नेहमी सगळ्यात लहान गुणोत्तर लिहितात, कारण तिथे रेणू असा नसतोच. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियमच्या भोवती ६ क्लोराईड आणि प्रत्येक क्लोराईडच्या भोवती ६ सोडियम, अशी रचना सगळीकडे पसरलेली असते. म्हणून तर मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सियस लागतात.

आता लोखंड, तांबं वगैरे मंडळी जरा त्रास देतात, कारण त्यांचा चार्ज एकच ठरलेला नाही. लोखंड अधिक २ पण असतं आणि अधिक ३ पण. मग कंसात रोमन आकडा लावावा लागतो, आयर्न दोन क्लोराईड, आयर्न तीन क्लोराईड. जुन्या पद्धतीत यालाच फेरस आणि फेरिक म्हणतात, आणि ही जुनी नावं मेडिकलच्या दुकानात अजून जिवंत आहेत, रक्त वाढवायच्या गोळ्यांवर फेरस सल्फेट किंवा फेरस ॲस्कॉर्बेट लिहिलेलं असतं, म्हणजे अधिक २ वालं लोखंड. आपलं हिराकस म्हणजे पण फेरस सल्फेटच, सोबत पाण्याचे ७ रेणू. चार्ज काढायचा कसा तर ज्याचा माहीत आहे तिथून मागे यायचं. समजा लोखंडाचे २ आणि ऑक्सिजनचे ३ आहेत, ऑक्सिजनचे ३ गुणिले उणे २ म्हणजे उणे ६, ते फिटवायला दोन लोखंडांनी मिळून अधिक ६ द्यायचे, प्रत्येकी ३, झालं आयर्न तीन ऑक्साईड. झिंक कायम २ आणि चांदी जवळपास कायम १, त्यांना रोमन आकडा लावत नाहीत.

खरी मजा आहे ती अनेक अणूंच्या आयनांमध्ये. शाळेत यांना मूलकं म्हणतात आणि हीच गोष्ट तेवढी खरंच पाठ करावी लागते, पण साताठ आली की बरंच काम भागतं: सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, बायकार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साईड, अमोनियम. शेवट नीट ऐकायचा. एट म्हणजे ऑक्सिजनवाला नेहमीचा आयन, आईट म्हणजे त्यातला एक ऑक्सिजन कमी पण चार्ज तोच, आणि आईड म्हणजे बहुतेक वेळा ऑक्सिजनच नाही, हायड्रॉक्साईड हा त्याला अपवाद. नायट्रेटमध्ये ३ ऑक्सिजन, नायट्राईटमध्ये २, नायट्राईडमध्ये नुसता नायट्रोजन. ॲसिडचं नावही यावरूनच येतं, एटचं इक होतं आणि आईटचं अस, म्हणजे नायट्रेटवरून नायट्रिक ॲसिड, नायट्राईटवरून नायट्रस ॲसिड.

इथे एक जागा आहे जिथे हुशार पोरं पण चुकतात. अमोनियम नायट्रेटमध्ये धातू एकही नाही, सगळे अधातू, तरी तो आयनिक आहे. अमोनियम हा अधिक १ वाला गट, नायट्रेट उणे १ वाला. गटाच्या आत बाँड कोव्हॅलंट, पण दोन गटांमधला आयनिक. त्यामुळे पहिल्या प्रश्नाला एक शेपूट जोडा, धातू आहे का, किंवा अमोनियम आहे का.

द्राक्षबागेत किंवा डाळिंबात ड्रिपमधून खतं सोडणाऱ्यांना हे सगळं फार कामाचं आहे. ०:५२:३४ ची पिशवी घ्या (हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के), तिच्यावर मोनो पोटॅशियम फॉस्फेट लिहिलेलं असतं, रीतसर नाव पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. फॉस्फेटवर उणे ३, त्यातले दोन दोन हायड्रोजनांनी फिटवले, उरला उणे १, तो एका पोटॅशियमने फिटवला. आता त्या आकड्यांकडे या. ५२ म्हणजे ५२ टक्के फॉस्फरस नव्हे, तो फॉस्फरस पेंटॉक्साईडच्या रूपात मोजलेला आहे, आणि ३४ हे पोटॅशियम ऑक्साईडच्या रूपात. पिशवीत ही दोन्ही ऑक्साईडं नसतातच, ती फक्त मोजायची जुनी रीत आहे. या खताचं रेणुवस्तुमान १३६, फॉस्फरस पेंटॉक्साईडचं १४२. त्यात फॉस्फरसचे अणू दोन आणि खतात एक, म्हणून अर्धं धरायचं, ७१. ७१ भागिले १३६ करा, ५२ टक्के येतात. पोटॅशियम ऑक्साईड ९४, अर्धं ४७, ४७ भागिले १३६, साडेचौतीस. नावावरून पिशवीचा आकडा निघतो, हे एकदा स्वतः कागदावर करून बघाच.

आणि कॅल्शियम नायट्रेट फॉस्फेटवाल्या किंवा सल्फेटवाल्या खतासोबत एकाच टाकीत टाकू नका असं का सांगतात तेही नावातच आहे. पाण्यात पडल्यावर आयन सुटे होतात, कॅल्शियमला फॉस्फेट किंवा सल्फेट भेटला की न विरघळणारा पांढरा साका तयार होतो आणि ड्रिपर चोक होतात. नायट्रेटचं मात्र जवळपास कशाशीच वाकडं नाही, त्याची नेहमीची क्षारं पाण्यात विरघळतात.

आता दोन्ही अधातू असतील तर. इथे चार्जचा हिशोब नाही, तेच दोन अधातू वेगवेगळ्या प्रमाणात जुळतात, म्हणून आकडा सांगावाच लागतो. कार्बन मोनॉक्साईड आणि कार्बन डायऑक्साईड, एक जीव घेतो आणि दुसरा सोड्याच्या बाटलीत असतो, फरक एका ऑक्सिजनचा. मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा, हेक्सा एवढे आले की पुरे. पहिल्या मूलद्रव्याला मोनो लावत नाहीत, दुसऱ्याला लावतात. नायट्रोजनचे २ आणि ऑक्सिजनचे ४ असतील तर डायनायट्रोजन टेट्रॉक्साईड, आणि हे अर्धं करून १ आणि २ लिहायचं नाही, कारण इथे खरा रेणू आहे, त्यात तेवढेच अणू आहेत. १ आणि २ वाला नायट्रोजन डायऑक्साईड हा वेगळाच वायू, तपकिरी रंगाचा.

पुस्तकात इलेक्ट्रोनिगेटिव्हिटीचा, म्हणजे अणू बाँडमधले इलेक्ट्रॉन स्वतःकडे किती ओढतो त्या मापाचा, फरक १.७ पेक्षा जास्त म्हणजे आयनिक असा नियम देतात. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगने १९३२ मध्ये ही मोजपट्टी मांडली आणि ती फार उपयोगाची आहे, पण १.७ ही काही लक्ष्मणरेषा नाही. हायड्रोजन फ्लोराईडमध्ये फरक साधारण १.८ येतो, तरी तो रेणूच आहे आणि २० अंशांच्या आतच उकळतो.

नाव झालं, आता आकार. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ लुईसच्या १९१६ च्या ठिपक्यांइतकी (एक ठिपका म्हणजे एक इलेक्ट्रॉन) सोपी गोष्ट दुसरी नाही. सगळ्या अणूंचे बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन मोजायचे, ऋण आयन असेल तर तेवढे वाढवायचे, धन असेल तर कमी करायचे. मधे एक अणू ठेवून एकेरी बाँड काढायचे, उरलेले इलेक्ट्रॉन कडेच्या अणूंना ८ होईपर्यंत वाटायचे, आणि मधल्याला कमी पडले तर कडेच्या जोडीचा दुहेरी बाँड करायचा. नायट्रेट करून बघू. नायट्रोजनचे ५, ऑक्सिजनचे ६ गुणिले ३ म्हणजे १८, उणे चार्जचा १, एकूण २४. तीन बाँडांत ६ गेले, १८ उरले, ते तीन ऑक्सिजनना ६-६ वाटले. नायट्रोजनकडे फक्त ६ झाले, म्हणून एका ऑक्सिजनचा दुहेरी बाँड. कोणता ऑक्सिजन? कोणताही धरा, प्रत्यक्षात तिन्ही बाँड अगदी सारख्या लांबीचे असतात, याला रेझोनन्स म्हणतात.

मग मधल्या अणूभोवती इलेक्ट्रॉनच्या किती दिशा आहेत ते मोजा, दुहेरी बाँड पण एकच दिशा धरायची. या दिशा एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब जातात. दोन असतील तर सरळ रेघ, १८० अंश, कार्बन डायऑक्साईड. तीन असतील तर सपाट त्रिकोण, १२० अंश, आपला नायट्रेट. चार असतील तर १०९.५ अंश, मिथेन. चार फुगे सारखे फुगवून देठाशी एकत्र बांधा, ते आपोआप याच आकारात बसतात, वहीतल्या अधिकच्या चिन्हासारखे सपाट बसत नाहीत. मुलांना हे हातात द्याच, फळ्यावर काढून ते कधीच पटत नाही.

पाण्यात पण चार दिशा, दोन बाँड आणि दोन मोकळ्या जोड्या, म्हणजे बाँडमध्ये न गेलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या. मोकळी जोडी जास्त जागा खाते, म्हणून अमोनियात कोन १०७ च्या आसपास आणि पाण्यात १०४.५. हा वाकडेपणा फार महत्त्वाचा आहे. कार्बन डायऑक्साईडचे दोन्ही बाँड ध्रुवीय आहेत, म्हणजे एक टोक थोडं उणे आणि दुसरं थोडं अधिक, पण समोरासमोर ओढतात म्हणून रेणू एकूण अध्रुवीय. पाणी वाकडं, म्हणून एका बाजूला थोडा उणे, दुसऱ्या बाजूला थोडा अधिक, आणि त्यामुळेच पाणी मिठाचे आयन सोडवू शकतं.

सरावाला घरातलं ओआरएसचं पाकीट घ्या. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात एका लिटरला सोडियम क्लोराईड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५, ट्रायसोडियम सिट्रेट डायहायड्रेट (म्हणजे सोबत पाण्याचे २ रेणू) २.९ आणि ग्लुकोज १३.५. पहिली तीन आयनिक, पाण्यात सुटी होतात. ग्लुकोज कोव्हॅलंट, अख्खा रेणू तसाच राहतो. सिट्रेटवर उणे ३ म्हणून तीन सोडियम लागतात, आणि हायड्रोजन एकही उरलेला नाही हे सांगायला इथे ट्राय चालवून घेतलाय. आता हिशोब करा (ग्रॅमला रेणुवस्तुमानाने भागून १००० ने गुणलं की मिलिमोल येतात), मिठातून साधारण ४५ मिलिमोल सोडियम, सिट्रेट १० मिलिमोल पण प्रत्येकाचे ३ म्हणजे ३०, एकूण ७५. पाकिटावर सोडियमसमोर ७५ लिहिलेलं असेल तर ते असं आलंय.