डोंगरी वनस्पतींचे मद्य मुरवताना या चुका टाळा

आल्प्समध्ये घरोघरी मुरवल्या जाणाऱ्या मद्यांच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारी चूक बरणी भरण्याआधी, कुरणातच होते. ज्याच्या कडू मुळांपासून मद्य करतात ते पिवळे जेन्शियन आणि विषारी पांढरे व्हेरॅट्रम ही दोन झाडे एकाच कुरणात शेजारी उगवतात आणि फुले नसताना दोघांची रुंद, ठळक शिरांची पाने सारखीच दिसतात. जेन्शियनची पाने खोडावर समोरासमोर जोडीने येतात, व्हेरॅट्रमची एकाआड एक. पण मुळे शरद ऋतूत, पाने वाळल्यावर खणली, तर ही खूण हाती राहत नाही. माझ्या ओळखीच्या एका नवशिक्याने अशीच पिशवीभर मुळे आणून बरणी भरली, चमचाभर चाखले आणि तासाभरात उलट्या सुरू होऊन, नाडी मंदावून त्याला रात्र रुग्णालयात काढावी लागली. नंतर पिशवीत उरलेली मुळे मी सुरीने चिरली, तेव्हा बहुतेक आतून पिवळी निघाली. दोन मात्र आखूड, पांढुरकी आणि बारीक मुळांच्या झुबक्याने वेढलेली होती. मी उन्हाळ्यात पाने हिरवी असतानाच झाडाला दोरा बांधून ठेवते आणि दोरा नसलेले मूळ कितीही जाडजूड दिसले तरी खणत नाही.

जेनेपी या उंच डोंगरावरच्या सुगंधी वनस्पतीच्या मद्याची जुनी कृती चाळीसच्या आकड्यावर उभी आहे: ४० काड्या, साखरेचे ४० चौकोनी तुकडे, ४० टक्के मद्यार्काचे एक लिटर मद्य आणि ४० दिवस. काड्या दुप्पट घालून दहा दिवसांत काम उरकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्या बाटलीत सुगंधाआधी कडूपणा जिभेला लागतो. उलट बरणी विसरून तीन-चार महिने ठेवली, तरी तोच कडूपणा उतरतो. म्हणून मी गाळण्याची तारीख बरणीवरच लिहिते.

साखरेचा पाक करून घालायचा असेल, तर तो पूर्ण गार होऊ द्यावा. बरणी उन्हात ठेवू नये.

तीव्र मद्यार्कात पाणी घातल्यावर मद्य दुधाळ झाले, तर ते नासले असे समजून ओतून देऊ नये. मद्यार्काचे प्रमाण घटल्यामुळे वनस्पतींतील सुगंधी तेले वेगळी होतात, एवढेच त्याचे कारण असते. पुन्हा पुन्हा गाळल्याने त्या तेलांबरोबर सुगंधही जातो. थोडा तीव्र मद्यार्क मिसळला की ते बहुधा पुन्हा नितळ होते.

जेनेपी उपटू नये, कात्रीने कापावी. मूळ जागेवर राहिले, तरच पुढच्या वर्षी त्याच कपारीत काड्या मिळतात.