जंबो कोळंबीच्या तळ्याचं पाणी पहाटे पाचला तपासा

शेततळ्यात गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी (विदर्भात झिंगा) सोडणारे नवे शेतकरी पाणी तपासतात ते बहुतेकदा सकाळी दहा-अकराला, काठावरून बादलीभर काढून. त्या वेळी आकडे छानच येतात. पण कोळंबी राहते तळाशी, आणि तिच्यावर वाईट वेळ येते ती पहाटे पाचला नाहीतर दुपारी तीनला. म्हणून नमुना तळाजवळचा घ्या, आणि याच दोन वेळांना.

पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर शेवाळही तोच वापरतं. लिटरला 5 मिलिग्रॅम हवा. 3 च्या खाली गेला की कोळंबी काठाला येऊन बसते, मिशा पाण्याबाहेर काढून, आणि हात नेला तरी पळत नाही. अशा दिवशी खाद्य बंद. रात्री दोनपासून ऊन पडेपर्यंत एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवा. आभाळ सलग भरलेलं असेल तर लक्षण दिसायची वाट पाहू नका. बोअरचं पाणी सोडायचं तर उंचावरून दगडांवर आपटून सोडा, त्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच.

दुपारी गाठ पडते पीएचशी. 7 ते 8.5 चांगला. प्लास्टिक कागद टाकलेल्या तळ्यात नुसतं पावसाचं पाणी असेल तर त्याची क्षारता (पीएच स्थिर धरून ठेवायची ताकद) कमी असते, त्यामुळे शेवाळ वाढलं की पीएच दुपारी 9.5 पर्यंतही चढतो आणि कोवळं बीज (कोळंबीची पिल्लं) मरतं. शिवाय 28 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असताना, विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून होणाऱ्या अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी नसतो. 9 झाला की 40 च्या आसपास असतो. अमोनिया तेवढाच, पण विष झालेला.

उलट नुसत्या बोअरच्या पाण्याची कठीणता (विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) लिटरला 300 मिलिग्रॅमच्या वर असेल तर वाढ खुंटते, कवचावर पांढरा खरपुडा धरतो. पावसाचं आणि बोअरचं पाणी मिसळून कठीणता 100 च्या आसपास आणली की दोन्ही दुखणी बरीचशी आटोक्यात येतात. चुन्याचं मात्र भान ठेवा. काळ्या जमिनीचा पीएच आधीच 8 असतो, तरी सवयीने गुंठ्याला दोन-तीन किलो टाकणारे आहेत. माती आम्लधर्मी असेल तरच टाका, आणि भरलेल्या तळ्यात विरलेला चुना नकोच, शेतीचा चुना (चुनखडीची भुकटी) घ्या.

शेवाळ मोजायला वीस सेंटिमीटरची काळी-पांढरी थाळी दोरीने सोडा. 25 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. त्याआधीच गडप झाली तर शेणखत थांबवा आणि तळाचं पाणी थोडं काढून नवं घ्या.

बीज सोडताना पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग अर्धा तास तळ्याचं पाणी थोडंथोडं आत घाला. दोन्ही पाण्यांच्या पीएचमध्ये एकाहून जास्त फरक नको.

कपाशीच्या वावरातून वाहून येणारं पाणी तळ्यात येऊ देऊ नका. कोळंबी कीटकांच्याच गोतावळ्यातली, त्यामुळे कीटकनाशकाने मासे तगले तरी ती जाते.

पाणी 20 अंशांखाली गेलं की ती खाणं सोडते, 14 च्या खाली मरते. बीज जुलैत सोडलं तर विदर्भात कडाक्याच्या थंडीआधी, डिसेंबरच्या सुरुवातीलाच जाळं लावा.