आठ टीमचं एकत्र प्लॅनिंग: लाल दोरा कसा लावायचा

एका टीमचा स्क्रम (छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवायची पद्धत) चालवणं काही अवघड नाही हो, खरी मजा आठ-दहा टीम एकाच प्रॉडक्टवर आल्या की सुरू होते. माझी स्टोरी (कामाचा छोटा तुकडा) तुझ्या एपीआयसाठी (दोन सॉफ्टवेअर जोडणारा दुवा) अडलेली, तुझं टेस्टिंग तिसऱ्याच्या एन्व्हायर्नमेंटसाठी, आणि हे कळणार कधी तर रिलीजच्या आदल्या आठवड्यात. सेफ (SAFe, अनेक टीमनी मिळून काम करायचं) फ्रेमवर्क वापरणाऱ्या कंपन्या यासाठी पीआय (प्लॅनिंग इंटरव्हल) प्लॅनिंग करतात, म्हणजे ५० ते १२५ लोक दोन दिवस बसून पुढच्या ८ ते १२ आठवड्यांचं ठरवतात. नीट केलं तर उपयोग होतो, नाहीतर दोन दिवस नुसतं जेवण.

आधी कपॅसिटी, म्हणजे किती काम झेपेल. टीमची वेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक टप्प्यात) सरासरी किती काम होतं ते, माहीत नसेल तर दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला माणशी ८ पॉइंट (कामाच्या अंदाजाचं माप) धरा आणि सुट्टीच्या दर दिवसाला १ वजा करा. सुट्ट्या आधीच मागून घ्या, हॉलमध्ये विचारलं की सगळे गप्प बसतात आणि गणपतीत निम्मी टीम कोकणात. प्रॉडक्शन सपोर्टचा (चालू सिस्टीम सांभाळायचा) वेळ पण बाजूला काढा, तो हमखास विसरतात.

मग बोर्ड, त्यावर कामांची कार्डं. उभे रकाने स्प्रिंटचे, आडव्या ओळी टीमच्या, आणि काम करून देणाऱ्याच्या कार्डापासून त्यावर अडलेल्या घेणाऱ्याच्या कार्डापर्यंत लाल दोरा. देणाऱ्याचं कार्ड किमान एक स्प्रिंट आधी हवं, बाकी काही बघू नका. दोरा सरळ उभा आला म्हणजे दोघांचं काम एकाच स्प्रिंटमध्ये, तिथे लफडं होणार. उलटा आला तर प्लॅनच चुकलाय.

आणि दोरा एकट्यानं लावायचा नाही. आम्ही एकदा पेमेंटच्या टीमकडे मस्त दोरा लावला, त्यांचा लीड 'बघतो' म्हणाला होता ते आम्ही 'हो' धरलं, आणि तिसऱ्या स्प्रिंटला विचारलं तर त्यांच्या बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) ती स्टोरीच नाही! तेव्हापासून समोरच्यानं स्वतःच्या जिरात (Jira, कामं नोंदवायचं सॉफ्टवेअर) स्टोरी टाकून तिचा नंबर कार्डावर लिहिला तरच दोरा.

एकाच टीमकडे वीस दोरे जात असतील तर प्लॅनिंगनं काही सुटणार नाही, टीमच चुकीच्या कापल्यात. कंपनीत जशी माणसं विभागलेली तसंच सॉफ्टवेअर बनतं हे कॉम्प्युटर शास्त्रज्ञ मेल्विन कॉन्वेनं १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. त्या टीममधले दोघं-तिघं घेणाऱ्या टीममध्ये बसवा. मॅनेजर लोक कुरकुरतात, करू देत.

शेवटी कॉन्फिडन्स व्होट, पाच बोटांचं: प्लॅन जमेल याची जितकी खात्री तितकी बोटं. सगळ्यांनी एकदमच हात वर करायचे, नाहीतर आधी साहेबांची बोटं बघितली जातात. एक किंवा दोन बोटं दाखवणाऱ्याला लगेच बोलू द्या, बहुतेक वेळा त्यालाच खरं माहीत असतं.

पुढे दर आठवड्याला स्क्रम ऑफ स्क्रम्स (सगळ्या टीमच्या प्रतिनिधींची बैठक), अर्धा तास, फक्त दोऱ्यांवर बोला. आणि निघताना बोर्डाचा फोटो काढा, सोमवारी ती रूम कुणाच्यातरी ट्रेनिंगला दिलेली असते.